पुढची गाडी जाईल तिकडे

(आल्बुकर्की शहर. सेंट्रल अव्हेन्यू. जुनी माणसं त्याला अजून 'सहासष्ट' म्हणतात, कारण तो जुना महामार्ग शहरातून जातो तो याच रस्त्याने. सप्टेंबरमधला रविवार, दुपारचे चार. डाळिंबी रंगाची चौसष्ट सालची इम्पाला, जमिनीपासून चार बोटं वर; खटके दाबले की पंपांवर पुढून-मागून उठते आणि बसते. स्टिअरिंगवर ओदिलिया ग्रिएगो, वय एकेचाळीस. शेजारी तिचे वडील बेलार्मिनो; एप्रिलपासून डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलंय. मागे अशाच नाचणाऱ्या गाड्यांच्या क्लबच्या चौदा गाड्या. सिग्नल लाल असतो तेव्हा बोलायला वेळ असतो, हिरवा झाला की नसतो.)

लाल

बेलार्मिनो : ब्रेकवर नाचू नकोस.

ओदिलिया : गाडी उभी आहे, बाबा.

बेलार्मिनो : उभ्या गाडीतसुद्धा तुझा पाय वळवळतोय. मला इथून कळतं.

ओदिलिया : तिथून काय काय कळतं तुम्हाला?

बेलार्मिनो : सगळं. बारा वर्षं खपून बांधलीय ही. तिला शिंक यायच्या आधी मला सर्दी होते.

ओदिलिया : मग आजच्या दिवस रुमाल घेऊन गप्प बसा.

बेलार्मिनो : सीट पुढे कुणी ओढली?

ओदिलिया : मी. पाय पोचायला नकोत?

बेलार्मिनो : एकतीस वर्षं ती एका खाचेत होती.

ओदिलिया : आता दुसऱ्या खाचेत आहे. हे बघा, नियम मी शेवटचे म्हणून दाखवते, मग तुम्ही खिडकीबाहेर बघायचं. ताशी पंधरा मैल. हॉर्न नाही. कुणाला ओलांडायचं नाही. पुढची गाडी जाईल तिकडे मागच्यांनी जायचं, का म्हणून विचारायचं नाही. नदीच्या पुलापर्यंत रांग अखंड राहिली तर क्लबची पाटी आपल्याकडे. एकानेही रांग सोडली तर पाटी क्लबप्रमुख नेस्तोरच्या पेटीत.

बेलार्मिनो : आणि?

ओदिलिया : आणि काय?

बेलार्मिनो : आणि कुणी तोंडाने हो-नाही म्हणत नाही. मत द्यायचं ते चाकांनी. नेस्तोरच्या बापाने घालून दिलेलं आहे ते.

ओदिलिया : माहीत आहे. पाळण्यात ऐकलंय.

बेलार्मिनो : एकतीस वर्षं मागच्या काचेत उभी होती ती पाटी. आता बघ, सीटवर पालथी पडलीय, मेलेल्या माशासारखी.

ओदिलिया : एप्रिलमध्ये तुम्हीही पालथेच पडला होतात, गॅरेजमध्ये. तुम्हाला उचललं, तिलाही उचलू.

बेलार्मिनो : शेवटची गाडी कुणाची आहे?

ओदिलिया : फिदेन्सियोची. हिरवी.

बेलार्मिनो : त्याने ती जागा मागून घेतली. शेवटच्याला सटकायला सोपं.

ओदिलिया : काय म्हणाला तो? खरं सांगा.

बेलार्मिनो : कशाला सांगू?

ओदिलिया : बाबा.

बेलार्मिनो : म्हणाला, बेलार्मिनोची पोरगी बस चालवते. तिला घड्याळ कळतं, रस्ता कळत नाही.

ओदिलिया : वीस वर्षं! दिवसाला आठ फेऱ्या, याच रस्त्यावर! त्याच्या टकलावर जेवढे केस नाहीत तेवढ्या वेळा मी सेंट्रल—

बेलार्मिनो : हिरवा.

हिरवा

बेलार्मिनो : सोड. हळू.

ओदिलिया : सोडलाय.

बेलार्मिनो : आणखी हळू.

ओदिलिया : याहून हळू म्हणजे पार्किंग.

बेलार्मिनो : फुटपाथवर पोरं बघतायत. मागून बसव.

ओदिलिया : कुठला खटका?

बेलार्मिनो : दुसरा.

ओदिलिया : हा?

बेलार्मिनो : तो पुढचा!

ओदिलिया : नाक घासलं?

बेलार्मिनो : ठिणग्या उडाल्या. पोरं टाळ्या वाजवतायत. असंच करायचं होतं असा चेहरा कर.

ओदिलिया : केला.

लाल

बेलार्मिनो : त्या न्हाव्याच्या दुकानाला वरचा मजला आहे?

ओदिलिया : कायमच आहे.

बेलार्मिनो : निळ्या खिडक्या. कुंड्या. मला कधी दिसला नाही.

ओदिलिया : तुम्ही या बाजूला कधी बसला नाहीत.

बेलार्मिनो : कशाला बसू? आणि हे काय? इथे दारावर, काचेखाली, मखमल झिजलीय. कशाने झिजली? मी दर शनिवारी ब्रश मारत होतो.

ओदिलिया : आईची बोटं. गाणं लागलं की ती तिथे ताल धरायची.

बेलार्मिनो : सेल्सा?

ओदिलिया : दुसरी कोण बसायची तिथे? चारही बोटांनी. अंगठी काढून ठेवायची, तुम्ही ओरडू नये म्हणून.

बेलार्मिनो : मी रस्त्याकडे बघत होतो.

ओदिलिया : हो. आम्ही सगळे तुमच्या मानेकडे बघत होतो. मी मागे, मध्ये. तुमचा लेक रमीरो खिडकीत.

बेलार्मिनो : रमीरोला उलटी व्हायची.

ओदिलिया : रमीरोला खिडकी मिळायची, म्हणून त्याला उलटी व्हायची. चाकांच्या तारा कोण घासायचं? जुना दातांचा ब्रश घेऊन? एका चाकाला बहात्तर तारा.

बेलार्मिनो : तू. छान घासायचीस.

ओदिलिया : आणि किल्ली कुणाला दिलीत?

बेलार्मिनो : तू कधी मागितलीच नाहीस.

ओदिलिया : सोळाव्या वर्षी. स्वयंपाकघरात. तुम्ही भाजलेल्या मिरच्या सोलत होतात, मान वर न करता म्हणालात, "रमीरोचं झालं की बघू." झालं का रमीरोचं?

बेलार्मिनो : तो फीनिक्समध्ये आहे.

ओदिलिया : फीनिक्समध्ये आहे, विजेची गाडी आहे, आणि ती गाडी स्वतःची स्वतः पार्क होते.

बेलार्मिनो : हळू बोल! मागे नेस्तोरची काच उघडी आहे.

ओदिलिया : म्हणून मी बसमध्ये गेले, बाबा. म्हटलं, यांची एक गाडी मिळत नाही ना? मग शहराची सगळ्यांत लांब गाडी घेते.

हिरवा

ओदिलिया : पहिल्या दिवशी तुम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं.

बेलार्मिनो : मला आठवतं. आरसा बघ.

ओदिलिया : आईला सांगितलं. ती आली. बसली माझ्याच बसमध्ये.

बेलार्मिनो : सेल्सा? बसमध्ये?

ओदिलिया : अख्खी फेरी. पहिल्या बाकावर. डब्यात बिस्किटं घेऊन. दर थांब्याला शेजारणीला सांगायची, ही माझी मुलगी.

बेलार्मिनो : मला बोलली नाही.

ओदिलिया : म्हणाली, त्यांना आपलं आपण कळू दे. आणि मी तेव्हाच ठरवलं की—

बेलार्मिनो : ओदिलिया.

ओदिलिया : थांबा, ऐका तर. मी ठरवलं की—

बेलार्मिनो : ओदिलिया, आपण कुठे आहोत?

ओदिलिया : सेंट्रलवर.

बेलार्मिनो : सेंट्रलवर कुठे?

ओदिलिया : मधल्या… अरे देवा.

बेलार्मिनो : खाली काय लिहिलंय?

ओदिलिया : "फक्त बस."

बेलार्मिनो : मग थांबलीस का?

ओदिलिया : थांबा आहे.

बेलार्मिनो : आपण बस नाही!

ओदिलिया : मला काय सांगता, हातांना सांगा! हात आपोआप आले. बाबा, मी आत्ता "दारं सांभाळा" म्हणाले का?

बेलार्मिनो : म्हणालीस. दोनदा.

थांबा

ओदिलिया : संपलं. गेली पाटी. रोज डाव्या लेनमध्ये वळायची सवय… मागे कोण आहे, बघा ना!

बेलार्मिनो : मान वळत नाही माझी. तू बघ आरशात.

ओदिलिया : नेस्तोर आलाय. त्याच्या मागे पिवळी. त्याच्या मागे… बाबा, हे सगळे येतायत. एकामागून एक. बसच्या लेनमध्ये!

बेलार्मिनो : येणारच. पुढची गाडी जाईल तिकडे.

ओदिलिया : फलाटावरचे लोक फोटो काढतायत. उद्या डेपोत कुठल्या तोंडाने जाऊ? आणि ही भांडंवाली आजी काच का वाजवतेय?

प्रिमितिवा : दार उघडा.

ओदिलिया : माफ करा आजी, ही बस नाही.

प्रिमितिवा : डोळे आहेत मला. बस ती तिकडे मागे, सिग्नलपलीकडे, तुमच्या वरातीमुळे अडकलीय. पंचवीस मिनिटं उभी आहे मी या फलाटावर, हातात हे भांडं घेऊन. आता कुठे बस आली ती तुमच्यामुळे अडकली, तर तुम्हीच मला सोडा. ओल्ड टाउनला. पणतीचं बारसं आहे, चर्चमधून एव्हाना घरी आले असतील सगळे, आणि जेवणाचं भांडं माझ्या हातात.

बेलार्मिनो : बाई, ही परीक्षेची फेरी चालू आहे.

प्रिमितिवा : मग पास व्हा. उघडा दार.

ओदिलिया : उघडत नाही. फलाटाला अडकतंय. गाडी खाली आहे, फलाट वर आहे.

बेलार्मिनो : उठव मग.

ओदिलिया : काय?

बेलार्मिनो : गाडी उठव! चारही खटके. सगळे वर. असं काय बघतेस? म्हातारी बाई उन्हात उभी आहे.

ओदिलिया : वर… वर… आणखी?

बेलार्मिनो : आणखी एक टिचकी. हां. आता उघड.

प्रिमितिवा : वा! बसला हे जमत नाही. बसमध्ये मलाच पाय उचलावा लागतो.

बेलार्मिनो : तीस वर्षं ही गाडी मी नाचवली. कामाला आज पहिल्यांदा आली.

प्रिमितिवा : आणि मागे दार आहे, हे किती बरं! तुमच्या मागच्या त्या सगळ्या दोन दारांच्या. कसं चढायचं माणसाने?

बेलार्मिनो : ऐकलंस? फिदेन्सियो आयुष्यभर हिला टॅक्सी म्हणत आला. चार दारं म्हणून. सेल्सानेच चार दारांची घ्यायला लावली होती.

प्रिमितिवा : सेल्सा कोण?

बेलार्मिनो : माझी बायको. गेली.

प्रिमितिवा : शहाणी होती. मी प्रिमितिवा झामोरा. जरा सरकवा ते काय पडलंय सीटवर.

ओदिलिया : आजी, तुम्ही मागे वळून बघू शकता का? आमच्या आरशात तेरा गाड्या दिसतायत. चौदा हव्यात.

प्रिमितिवा : बघते की. हं. लेन भरलीय. पण एक मागे राहिलीय, सिग्नलच्या पलीकडे. हिरवी.

बेलार्मिनो : फिदेन्सियो. कुठल्या लेनमध्ये आहे?

प्रिमितिवा : बाहेरच्या. मोटारींच्या. सिग्नल लाल आहे त्याला.

ओदिलिया : झालं.

बेलार्मिनो : झालं नाही. लाल आहे तोवर काही झालं नाही.

प्रिमितिवा : कसली परीक्षा आहे ही?

ओदिलिया : सगळ्या गाड्या माझ्या मागे आल्या तर बाबांची पाटी घरी राहते. एक जरी दुसरीकडे गेली तर नाही. आणि मी सगळ्यांना बसच्या लेनमध्ये आणून ठेवलंय.

प्रिमितिवा : म्हणजे तो माणूस सरळ गेला, कायद्याने गेला, तर तुम्ही नापास?

बेलार्मिनो : बरोबर.

प्रिमितिवा : आणि इकडे चुकीच्या लेनमध्ये आला तर पास?

बेलार्मिनो : अगदी बरोबर.

प्रिमितिवा : माझा नवरा म्हणायचा, या गाडीवाल्यांच्या डोक्यात पेट्रोल असतं. टोपीवाला आहे का तो?

बेलार्मिनो : टोपीवाला, मिशीवाला. काय करतोय?

प्रिमितिवा : काही नाही. स्टिअरिंगवर हनुवटी टेकून बसलाय. इकडेच बघतोय. मी हात केला.

बेलार्मिनो : नका करू! रांगेत नसलेल्याने खुणा करायच्या नसतात!

प्रिमितिवा : मी आता रांगेतच आहे. पहिल्या गाडीत. भांडं दाखवू का त्याला?

ओदिलिया : बाबा, हसू नका.

बेलार्मिनो : मी हसत नाहीये. मला घाम आलाय. सिग्नल?

प्रिमितिवा : लालच. लालच आहे. त्याने टोपी काढली. डोकं खाजवलं. केस नाहीत हो त्याला.

ओदिलिया : माहीत आहे.

प्रिमितिवा : पुन्हा घातली. हिरवा झाला.

बेलार्मिनो : आणि?

प्रिमितिवा : हलला नाही.

बेलार्मिनो : आणि?

प्रिमितिवा : मागचा हॉर्न मारतोय त्याला. हलला. सरळ येतोय… सरळ… पिवळी पट्टी…

ओदिलिया : आजी!

प्रिमितिवा : वळला. डावीकडे वळला. आलाय तुमच्या शेपटाला. आणि माझ्याकडे बघून टोपीला हात लावला त्याने. सभ्य माणूस आहे.

ओदिलिया : बाबा? बाबा, रडताय का?

बेलार्मिनो : उन्हाची तिरीप. पश्चिमेला तोंड आहे गाडीचं. चल, बसव गाडी आणि सोड ब्रेक.

हिरवा

ओदिलिया : बाहेरच्या लेनमध्ये घेते.

बेलार्मिनो : घे. हळू. सगळे आले?

प्रिमितिवा : सगळे आले. बसवाला आता खिडकीतून मुठी दाखवतोय.

ओदिलिया : वेंडेल असेल. उद्या त्याला डोनट न्यावे लागणार.

बेलार्मिनो : हा वास कसला?

प्रिमितिवा : लाल मिरचीतलं डुकराचं मटण. सहा तास शिजलंय.

बेलार्मिनो : लाल मिरची! माझ्या मखमलीवर!

प्रिमितिवा : मांडीवर आहे माझ्या. झाकण आहे.

बेलार्मिनो : घट्ट आहे?

प्रिमितिवा : सुनेने दिलंय. म्हणजे नसणार.

बेलार्मिनो : ओदिलिया, रेल्वेखालचा उतार येतोय.

ओदिलिया : दिसतोय.

बेलार्मिनो : तिथे खाली खड्डा आहे.

ओदिलिया : दोन आहेत. एक डावीकडे, एक गटाराच्या झाकणाच्या पुढे. शाळेतली पोरं, काठ्या घेतलेली माणसं, सगळ्यांना उभं ठेवून नेते मी इथून. श्वास सोडा.

बेलार्मिनो : आजी?

प्रिमितिवा : थेंबसुद्धा नाही. मी कुणाची आजी? तुझ्याच वयाची असेन.

बेलार्मिनो : बाई, पणतीच्या बारशाला निघालायत तुम्ही.

प्रिमितिवा : आमच्यात लग्नं लवकर होतात.

लाल

ओदिलिया : तुमचा फोन वाजतोय, बाबा.

बेलार्मिनो : नेस्तोर. आता बोलणार. घेतो. हां, नेस्तोर. हो. हो, बसची लेन होती. मला वाचता येतं. नाही, मुद्दाम नाही. नाही, ती वेडी नाही, ती दमलीय… काय? कशावर? मागच्या काचेत? मागच्या काचेत काय आहे?

प्रिमितिवा : ती लोखंडी पाटी होय? पाठीला टोचत होती. उचलून काचेला लावून ठेवली. एवढी नक्षीची वस्तू, सीटवर कशाला पालथी टाकायची?

बेलार्मिनो : अहो, पुलापर्यंत लावायची नसते! क्लबशिवाय कुणी हात लावायचा नसतो!

प्रिमितिवा : मग मी काय करू, पुन्हा पालथी घालू?

बेलार्मिनो : थांबा. हात लावू नका. नेस्तोर, ऐक, ती आमच्या गाडीतली बाई… हो, फलाटावरची… तिला माहीत नव्हतं. आम्ही काढतो. काय? पुन्हा सांग. हं. हं. बरं.

ओदिलिया : काय म्हणतो? बाबा, काय म्हणाला?

बेलार्मिनो : म्हणाला, उलटी लागलीय.

ओदिलिया : म्हणजे?

बेलार्मिनो : पाटी. अक्षरं डोक्यावर उभी आहेत. मागच्या चौदा जणांना मान वाकडी करून वाचावी लागतेय. म्हणाला, सरळ करा.

ओदिलिया : एवढंच?

बेलार्मिनो : आणि ठेवला फोन.

ओदिलिया : म्हणजे… राहिली?

बेलार्मिनो : एवढंच म्हणतात, पोरी. मला तर एवढंही म्हणाले नव्हते.

प्रिमितिवा : अशी? का अशी?

बेलार्मिनो : अशी. जरा डावीकडे. हां. राहू द्या.

हिरवा

प्रिमितिवा : इथेच. कागदी फुलं लावलेलं फाटक.

ओदिलिया : उठवू का गाडी?

प्रिमितिवा : उठव! भाचरांना बघू दे. वर, आणखी वर! बघ कशी धावली कार्टी! ए, हळू, भांडं आहे!

बेलार्मिनो : बाई, सीट बघा. डाग?

प्रिमितिवा : एक थेंब पडलाय.

बेलार्मिनो : कुठे!

प्रिमितिवा : माझ्या स्कर्टवर. तुझी मखमल कोरी आहे. परत जाताना थांबा सगळे, सोळा ताटं वाढते. त्या टोपीवाल्यालाही सांगा.

ओदिलिया : त्याला आधी सांगते.

लाल

ओदिलिया : एक विचारू? फिदेन्सियो का वळला असेल?

बेलार्मिनो : नियम आहे.

ओदिलिया : नियम तर सगळ्यांना होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

बेलार्मिनो : त्याची बायको तीन वर्षं डायलिसिसला जायची. मंगळवार, गुरुवार, शनिवार. तो कामावर असायचा. ती बसने जायची.

ओदिलिया : दुपारी सव्वाची फेरी? जाड चष्मा, लोकरीची पिशवी?

बेलार्मिनो : ते मला काय माहीत? मी कधी बसमध्ये बसलोय?

ओदिलिया : ती चढली की बसेपर्यंत मी गाडी हलवायची नाही. मागून सगळे ओरडायचे.

बेलार्मिनो : तिने घरी सांगितलं असेल.

ओदिलिया : मला तिचं नावसुद्धा माहीत नाही.

बेलार्मिनो : कोन्स्तान्सिया. पुढे बघ.

हिरवा

ओदिलिया : पूल.

बेलार्मिनो : दिसतोय. झाडं पिवळी पडायला लागली खाली.

ओदिलिया : बाबा, आरशात बघा. आरसा तुमच्याकडे वळवते. सगळ्यांनी नाकं वर केलीत. नेस्तोर, पिवळी, निळी… सगळ्या मागच्या पायांवर.

बेलार्मिनो : फिदेन्सियो?

ओदिलिया : सगळ्यांत वर.

बेलार्मिनो : दिखाऊ आहे तो.

पुलापलीकडे, गाडी बंद

ओदिलिया : झालं. सगळे उतरले, कॉफी काढतायत. तुम्हाला आणू?

बेलार्मिनो : नको.

ओदिलिया : मैदान रिकामं आहे. इथे कुणी नाही. येता का या बाजूला? दोन चकरा मारा. डॉक्टरांना कोण सांगायला जातंय.

बेलार्मिनो : सीट तुझ्या खाचेत आहे.

ओदिलिया : मागे घेते. एक मिनिट लागेल.

बेलार्मिनो : असू दे तिथेच.

ओदिलिया : मग फ्रीवेने घरी नेते. पंधरा मिनिटांत पोचू. दमलायत तुम्ही.

बेलार्मिनो : कोण दमलंय? सेंट्रलनेच घे.

ओदिलिया : पुन्हा सगळं? तास-दीड तास जाईल.

बेलार्मिनो : जाऊ दे. येताना मला रस्त्याची एकच बाजू दिसली.